माठाचं पोट चाकावर होत नाही

आमच्या माहेरच्या अंगणात वर्षातून दोन-तीनदा मोबाइलवाली मंडळी उगवतात. संक्रांतीच्या आधी सुगडं रचलेली असतात तेव्हा, दिवाळीच्या आधी पणत्यांसाठी, आणि एखाददुसरं उन्हाळ्यात माठांसाठी. कुणी पेपरातलं, कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टवालं, हल्ली रील करणारी पोरंच जास्त. मागणी सगळ्यांची एकच : "मामा, जरा चाक फिरवून दाखवा की." माझा भाऊ भिडस्त. हातातलं काम टाकतो, चाकावर गोळा चढवतो आणि बघता बघता बोळकं उभं करतो. पोरं खूश, फोन खिशात, चालले. या सगळ्या वेळात मागं भिंतीला टेकून वहिनी माठ थापटत बसलेली असते. तिचा आवाज व्हिडिओत येतो म्हणून एकानं तिला एकदा, "काकू, पाच मिनिटं थांबता का?" असं विचारलं. ती थांबलीसुद्धा. मला त्याचा राग आला तो अजून गेलेला नाही, आणि हे लिहायला बसले ते त्या रागापायीच.

मी कुंभाराची लेक. माहेर कुंभार वेशीकडं, सासर जुळे सोलापुरात, नोकरी एका पतसंस्थेत. माझं घर मातीवर चालत नाही, पण रविवारी माहेरी गेले की चहा पिऊन होईपर्यंत हात कुठल्या तरी गाऱ्यात गेलेलेच असतात.

चाकाशी माझं भांडण नाही. बाबांचं जुनं चाक लाकडी आऱ्यांचं होतं, कडेला माती आणि केस थापून जड केलेलं. ते जड असायलाच लागतं. दांडा लावून एकदा वेग दिला की वजनामुळं ते फिरत राहतं आणि दोन्ही हात मोकळे होतात. गोळ्यात अंगठे रुतवून बाबा माती वर ओढायचे तेव्हा बघत राहावंसं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण चाकावर माठाचं होतं काय? काठ होतो, गळा होतो, थोडाफार खांदा होतो. खाली मुद्दाम जाड माती राखून ठेवलेली असते. दोऱ्यानं कापून उतरवलेलं ते भांडं कुणाला दाखवलं तर त्याला तो माठ म्हणणार नाही. ठेंगणं, बुडाला जाड, उचलायला जड. पणती, बोळकं, सुगड असलं लहान सामान चाकावरच पुरं होतं, म्हणून तर ते कॅमेऱ्याला सोयीचं. माठाचं, घागरीचं, डेऱ्याचं पोट थापटून करावं लागतं, आणि आमच्या घरात ते काम आज्जीनं केलं, आईनं केलं, आता वहिनी करते.

उतरवलेलं भांडं सावलीत ठेवायचं. किती वेळ, ते हवेवर. सोलापूरच्या एप्रिलात दुपारी ठेवलं तर संध्याकाळपर्यंत हातचं जातं, पावसाळ्यात दोन-दोन दिवस ओल हटत नाही. वहिनी बोट लावून बघते. ठसा उमटला तर अजून वेळ आहे, नखाला पांढरी रेघ उठली तर वेळ गेली. मधली घडी गाठायची. मग पाय पसरून, मांडीवर गोणपाट टाकून, भांडं आडवं घेऊन बसायचं. डावा हात भांड्याच्या आत, त्यात भाजलेल्या मातीचा गुळगुळीत गोळा. उजव्या हातात लाकडी थापटणं. आतून गोळा जिथं टेकवला असेल नेमकं तिथंच बाहेरून थापटणं पडायला हवं, आणि आतला हात तर दिसत नाही. वहिनी ते आवाजावर ओळखते. गोळ्यावर पडलं की भरीव आवाज येतो, बाजूला पडलं की पोकळ, आणि तिथं भिंत आत बसते. मधूनमधून थापटणं राखेत बुडवायचं, नाहीतर ओली माती त्याला धरते. भांडं मांडीवर फिरत राहतं, बुडाशी राखलेली माती पसरत जाते, भिंत पातळ होते, पोट सुटतं. एका बैठकीत हे होत नाही. थोडं थापटायचं, सुकू द्यायचं, पुन्हा घ्यायचं. आधीच्या हाताला जड थापटणं, शेवटच्या हाताला हलकं.

आता कळलं ना, तो आवाज बंद करा म्हणणं म्हणजे काय ते? ती कानानं काम करत होती.

थापटणं नुसतं आकारासाठी नसतं. मातीचे कण फार बारीक आणि चपटे असतात. थापटल्यावर ते एकमेकांवर आडवे बसतात, मधली हवा निघून जाते. म्हणून एवढ्याशा पातळ भिंतीत पंधरा लिटर पाणी राहू शकतं. बूड गोल असण्यालाही कारण आहे. भांडं तापतं, आकसतं, भरतं तेव्हा ताण कोपऱ्यात गोळा होतो, तडा तिथनंच जातो. गोल बुडाला कोपराच नाही. टेबलावर ते उभं राहत नाही, ही तक्रार मला जुळे सोलापुरात दर उन्हाळ्यात ऐकावी लागते. मी म्हणते, तिवई घ्या नाहीतर वाळू घ्या, माठाला टेबल लागत नाही.

बायकांनी चाकावर बसायचं नाही अशी आमच्याकडं रीत होती. का, असं विचारलं की आज्जी म्हणायची, "नसतंय बसायचं." त्यापुढं चर्चा नाही. माती आणायला, चाळायला, कालवायला, तुडवायला, थापटायला, काव म्हणजे तांबडा रंग द्यायला, आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी रचायला हात लावायला आणि डोक्यावर पाटी घेऊन पेठेत विकायला बायका चालायच्या. चाक तेवढं पुरुषाचं. आणि छापून येणारा फोटोही चाकाचाच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या फार उशिरा, नोकरीला लागल्यावर, डोक्यात आलं. आता माझी भाची विजेच्या चाकावर बसते, बारावी झाली आहे, हात बरा आहे. ओरडायला आज्जी राहिली नाही. पण थापटायला बस म्हटलं की भाची मान उडवते, कमर दुखते म्हणते. दुखतेच. वहिनीचीही दुखते.

विजेच्या चाकाचं म्हणाल तर खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण योजना काढली, तिच्यातून देशभर अशी चाकं वाटली गेली. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली, तिच्यातल्या १८ धंद्यांत कुंभारही आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आहे. चाकानं दांडा फिरवायचा त्रास गेला, पणत्यांचा उठाव वाढला, हे मान्यच करायला हवं. माती मळायची यंत्रंही गटांना मिळतात. पण भाऊ म्हणतो तेही खरंय : "चाक मिळालं अक्का, पण माती कोण देऊलालंय? आवा लावायला जागा कोण देऊलालंय?"

मातीचं दुखणं बाहेरच्याला सांगून पटत नाही. सोलापूर जिल्ह्यात मातीला काय तोटा, असं कुणीही म्हणेल. आहे की, काळीभोर. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी त्याच मातीत येते, पावसाळा संपल्यावरही तिच्यात ओल टिकते म्हणून तर येते. नेमका हाच गुण मडक्याच्या मुळावर येतो. शेतकी शिकणाऱ्या भाच्यानं मला समजावून सांगितलं की काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइटच्या जातीची खनिजं असतात, ती पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना तेवढीच आकसतात. मार्च-एप्रिलात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. नुसत्या काळ्या मातीचं मडकं केलं तर ते आव्याचं तोंड बघायच्या आधीच तडकतं. म्हणून ओढ्याकाठची गाळाची माती, तांबूस माती आणि काळी, यांचा मेळ घालावा लागतो. काळी लागतेच, तिच्याशिवाय चिकटपणा येत नाही. किती काळी आणि किती तांबडी, हे प्रत्येक घराचं वेगळं. मग त्यात राख, बारीक वाळू आणि लीद. लीद भाजताना जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. घोड्याची लीद पूर्वी टांगेवाल्यांकडं ढिगानं मिळायची. टांगे गेले. आता लग्नात नवरदेवाला मिरवणाऱ्या घोडेवाल्याची ओळख ठेवावी लागते, आणि लग्नसराई संपली की त्याचा घोडा कुठल्या गावाला असतो ते देवाला ठाऊक.

आमच्या मातीतला दुसरा वैरी म्हणजे चुनखडी. इकडच्या काळ्या मातीत पांढरट खडे असतात. वाटाण्याएवढे दिसतात, वेचता येतात. मुगाएवढे, त्याहून बारीक असले की निसटतात. असा कण भिंतीत राहिला आणि माठ भाजला, तर आगीत त्याचा कळीचा चुना होतो. आव्यातून माठ निघतो एकदम देखणा. टिचकी मारली तर ठण्ण वाजतो. विकलाही जातो. आणि मग तो कण हवेतली ओल, माठातलं पाणी ओढून घेऊन फुगायला लागतो. आठवड्याभरात कधीतरी माठाच्या अंगावरून एक ढलपी उडते. खड्डा निमुळता असतो आणि तळाशी बरोबर मधोमध पांढरा ठिपका. तो ठिपका दिसला की वहिनी माठ घेऊन आलेल्या माणसाशी वाद घालत नाही, दुसरा देते. घरातलं पोरगं म्हणतं, धक्का लागला असेल त्यांचा. वहिनी म्हणते, धक्क्याला पांढरा डोळा नसतो.

त्यावर उपाय एकच, चाळण बारीक करायची आणि माती पातळ कालवून गाळून घ्यायची. अंग मोडणारं काम. ते कधी कुणाच्या रीलमध्ये आलेलं मी पाहिलेलं नाही.

आव्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण कुंभाराची झोप जाते ती आव्यापायी. आमच्याकडं गोवऱ्या, तुराट्या, लाकडाच्या ढलप्या, भुसा, जे मिळेल ते. खाली जळण, त्यावर मडकी पालथी-आडवी रचत जायची, मोठी आत, लहान फटींत, पुन्हा जळण. वरनं फुटक्या खापरांचा थर आणि त्यावर राख-चिखल. पेटवलं की पहिले काही तास आगीला दाबून ठेवायचं असतं. मडकं वरनं कितीही कोरडं दिसलं तरी भिंतीत ओल असते, आग एकदम चढली तर तिची वाफ होते आणि मडकं आतल्या आत फुटतं. तो आवाज बाहेर ऐकू येतो. बाबा त्या आवाजाला हूं की चूं करायचे नाहीत, फक्त बिडी लावायचे. पुढं साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत आव्याची धग जाते. पाचशेच्या पुढं गेलं की मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणी सुटतं आणि त्यानंतर ती माती पाण्यात घातली तरी पुन्हा चिखल होत नाही. आवा मोकळा श्वास घेत असला, हवा खेळती असली, तर मातीतल्या लोखंडामुळं मडकी तांबडी निघतात. शेवटी सगळीकडनं बुजवून धूर आत कोंडला तर काळी. त्याच मातीची, त्याच हाताची. थंड व्हायच्या आत उकरायला गेलं तर तडे जातात, त्यामुळं घरातल्या पोरांना आव्याकडं फिरकू देत नाहीत.

शहरात हे आता जमत नाही. आजूबाजूला घरं उठली, धूर कुणाला नको. एका शेजाऱ्यानं तक्रार केली. त्याचंही चुकलं नाही, त्याच्या घरात दम्याचा पेशंट आहे. भाऊ आता कच्चा माल टेम्पोत घालून गावाबाहेर एका नातेवाइकाच्या रानात आवा लावतो. कच्चं मडकं टेम्पोत, आणि आमचे रस्ते. बाकी तुम्ही समजून घ्या.

पॉटरी वर्कशॉप नावाचा प्रकारही मी पाहून आले. ऑफिसातली मैत्रीण घेऊन गेली. पिशवीतली तयार माती, टेबलावर ठेवायची छोटी विजेची चाकं, अॅप्रन. शिकवणारी मुलगी गुणी होती. तिची भट्टी विजेची, बाराशे अंशांच्या वर जाणारी, वर काचेसारखं लुकण, म्हणजे ग्लेझ. तिचे मग सुंदर होते, पाणी जराही न पिणारे. तो धंदा वेगळा, त्याची अक्कल वेगळी, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण लोक चाकासमोर बसून डोळे मिटत होते, मन शांत होतं म्हणत होते. आमच्याकडं संक्रांतीच्या आधीच्या पंधरवड्यात येऊन बघा म्हणावं, किती शांत असतं ते.

गोरोबाकाकांच्या दोन गोष्टी महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक असतात. तेर गाव सोलापूरहून फार लांब नाही, धाराशिवच्या पुढं, आणि आमच्या घरातनं तिथं जाणं-येणं असतं. पहिली गोष्ट, विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही, ती. दुसरी, संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी विचारल्यावरून काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ती. या दोन्ही गोष्टींत चाक कुठं आहे सांगा. एकीत तुडवणं आहे, दुसरीत थापटणं. ज्यांनी या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या त्यांना कुंभाराच्या घरात दिवस कशात जातो ते माहीत होतं. चित्रकारानं गोरोबाकाकांना चाकासमोर बसवलं ते नंतर.

थापटण्याच्या गोष्टीवर वहिनीची मात्र हरकत आहे. ती पंढरपूरची, तिच्या माहेरी वारकरी परंपरा, तरी म्हणते, "भाजलेल्या माठाला कुणी थापटण्यानं बघतंय व्हय? फुटंल की. बोटानं टिचकी मारायची असती." मग स्वतःच म्हणते, काकांनी हळूच मारलं असणार.

तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय चुकवू नका. सातवाहनांच्या काळात हे मोठं व्यापारी शहर होतं, ग्रीक दर्यावर्द्यांच्या नोंदींत त्याचं नाव तगर असं येतं. तिथल्या मातीच्या मूर्ती बघाव्यात, त्यांत केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्याही आहेत. दोन साच्यांत पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा दाबून जोडलेल्या, आतून पोकळ. त्यांच्या केसांची ठेवण, कानातली भोकरं बघून माझी भाची तासभर हलली नाही. बोटाएवढ्या मूर्तीवर एवढं काम. ज्यानं तो साचा कोरला त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

आमच्या सोलापुरात कुंभाराचा मान बघायचा तर संक्रांतीची गड्ड्याची जत्रा. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, सोलापूरचं ग्रामदैवत, त्यांनी शहराभोवती स्थापलेली ६८ लिंगं. गोष्ट अशी सांगतात की एक कुंभाराची मुलगी रोज त्यांच्या अंगणात झाडलोट करायची, सडा-रांगोळी करायची. तिला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. ते योगी, त्यांनी नकार दिला, पण तिचा हट्ट पाहून आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. तेच लग्न सोलापूर दर वर्षी पुन्हा लावतं. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमतीचे शब्द वाचले जातात आणि सगळ्या गर्दीतून अक्षता पडतात. त्याआधी कुंभारांना विडा आणि सुगडीपूजन. संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून कुंभारकन्या म्हणून होमात देतात.

लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून अक्षता टाकताना मला फार ऐट वाटायची, आपल्या घरचं लग्न आहे म्हणून. मोठी झाल्यावर होमाच्या वेळी आत कुठंतरी कालवतं. सगळं गाव लग्नाला येतं आणि दुसऱ्या दिवशी नवरी आगीत जाते. आईला हे बोलले तर ती म्हणाली, "कुंभाराच्या घरी आगीत गेल्याशिवाय काय पक्कं होतंय?" तिला ते उत्तर पुरलं. मला पुरत नाही, पण तरी दर वर्षी जाते.

जत्रेच्या आधी मधला मारुती, टिळक चौकाच्या बाजूला सुगडांचे ढीग लागतात. पाच सुगडं, त्यात गाजर, बोरं, उसाचे कांडके, हरभरा, तीळ. सुगड घेताना बायका काठ बघतात, चिरलेला नको, टवका नको. पूजेचं आहे, बरोबरच आहे. भाव मात्र काडीपेटीसारखा करतात. एवढ्या कष्टाचं मोल असलं काही मी म्हणणार नाही, घासाघीस मीही भाजीवाल्याशी करते.

एका मडक्याचा भाव मात्र आमच्याकडं कुणी करत नाही. मर्तिकाचं. रात्री-अपरात्री दार वाजलं आणि बाहेर दोन माणसं गप्प उभी दिसली की आई काही न विचारता कोपऱ्यातलं मडकं काढून द्यायची. पैसे देतील ते घ्यायचे. निरोप देताना "या" म्हणायचं नाही. त्याच आठवड्यात कुणाच्या लग्नाच्या ऐरणी, म्हणजे पूजेची मडकी, वाजतगाजत न्यायला येणार असतात, त्याच अंगणातनं. आषाढात शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका पोचम्मा देवीच्या बोनमसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, मडकी न्यायच्या, अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी करा-केळी ही मडकी, घटस्थापनेला घट. माणसाचं कॅलेंडर भिंतीवर असतं, आमचं अंगणात रचलेलं असायचं.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. घोड पुढं भीमेला मिळते, म्हणजे आमच्याच खोऱ्यातलं. १९६८ पासून डेक्कन कॉलेजनं तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, कुंभाराची गोल भट्टीसुद्धा सापडली. त्या लोकांची लहान मुलं दगावली की ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायचे, आत मूल, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. त्याचा फोटो मी एका पुस्तकात पाहिला आणि पान उलटवेना. कुणीतरी जाऊन कुंभाराचं दार वाजवलं असेलच ना. तेव्हाही भाव केला नसेल.

असो. उन्हाळा तोंडावर आहे, माठाचं बोलू.

सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी असते, माठाला याहून चांगलं गाव नाही. भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणजे माठ थोडा पाझरायलाच हवा. "ओला होतोय, परत घ्या" म्हणून येणाऱ्यांना वहिनी आता हसतसुद्धा नाही. माझी मुंबईची नणंद इथनं हौसेनं माठ घेऊन गेली आणि गार होत नाही म्हणून फोन केला. मुंबईच्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं, त्याला आमचा माठ काय करणार? ऑइलपेंटनं वारली काढलेले माठ देखणे दिसतात, पण रंगानं छिद्रं बुजतात. शोभेला ठेवा, पाण्याला नको. साबणानं घासू नका, माठ साबण पितो आणि मग तुम्ही पिता. बोअरचं पाणी भरलंत तर बाहेरनं पांढरा थर धरतो, तो क्षारांचा. छिद्रं त्यानं हळूहळू बंद होतात, म्हणून पुढच्या वर्षी तोच माठ तेवढं गार करत नाही. दर वर्षी नवा घ्या म्हणतो तो आमचा धंदा तर आहेच, पण कारणही आहे.

घेताना काठाला टिचकी मारा. ठण्ण आवाज हवा, बद्द वाजला तर बारीक तडा आहे. अंगावर हात फिरवा. थापटलेल्या माठाला किंचित चपट्या खुणा लागतात, उजेडात तिरका धरला तर दिसतातही. काही गिऱ्हाइकं ते खोट समजून गुळगुळीत मागतात. त्यांच्यासाठी परगावचे साच्यातले, सपाट बुडाचे, नळाचे माठ भाऊ आणून ठेवतो. त्यातही पाणी गार होतं, थोडं कमी. नवा माठ रात्रभर भरून ठेवायचा, ते पाणी झाडाला घालायचं, दुसऱ्या दिवसापासून प्यायला घ्यायचं. नळाच्या माठाची तोटी गळायला लागली तर वहिनीला बोलू नका, ती तोटी आमची नव्हे.